जाळी लावलीत, आता वाडग्याचं बोला

आपल्या समाजात मांजराची बाजू मांडायला वकील करावा लागत नाही. कुत्रा म्हटलं की घरात दोन तट पडतात. मांजर म्हटलं की सगळे एका सुरात बोलतात. ते पाक आहे, त्याने तोंड लावलेलं पाणी चालतं, हजरत अबू हुरैरा यांना तर नावच पिल्लावरून पडलं. हुरैरा म्हणजे मांजरीचं लहानसं पिल्लू. मग कुणीतरी मुइज्जाची गोष्ट काढतं. बाहीवर झोपलेलं मांजर जागं होऊ नये म्हणून प्रेषितांनी (स.) बाहीच कापून टाकली, ती गोष्ट. हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर दर जुम्म्याला हजर असते. असू द्या. माझी तक्रार त्या गोष्टीबद्दल नाही. इतकं प्रेम ज्या घरांत आहे, त्याच घरांत पिल्लासमोर ठेवलेल्या बशीत काय असतं ते मी बघते, तक्रार त्याबद्दल आहे. बशीत असतं पाणी घातलेलं म्हशीचं दूध, आणि त्यात कुस्करलेला पाव.

मांजरावरून आपण ज्या हदीसचा सर्वांत जास्त दाखला देतो, ती मांजर कोंडणाऱ्या बाईची. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ती आहे. त्या बाईला शिक्षा झाली. का झाली? तिने मांजर डांबून ठेवलं, त्याला खायला घातलं नाही, आणि जमिनीवरचे किडे-उंदीर शोधून खायलाही सोडलं नाही. यात दोन गोष्टी आहेत आणि आपण एकच लक्षात ठेवतो. मोकळ्या मांजराला कुणी खायला घातलं नाही म्हणून त्याला जाब विचारलेला नाही. जाब आहे तो डांबल्यानंतरचा. एक तर खायला घाला, नाहीतर सोडा. मधला रस्ता नाही.

आज आपण मांजर बांधत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणतो, पडू नये म्हणून खिडकीला जाळी लावतो, गॅलरीच्या ग्रीलला कापड बांधतो, दार उघडताना पायाने मागे सारतो. हे सगळं बरोबरच आहे, रस्त्यावर गाड्या आहेत. पण त्या जाळीने उंदीर, पाल, टोळ, चिमणी हे सगळं बंद केलं. जमिनीवरचा त्याचा रिझ्क आपण तोडला. म्हणजे हदीसमधला दुसरा पर्याय आपणच मिटवला आणि पहिला पूर्णपणे आपल्या अंगावर घेतला. आता वाडग्यात काय पडतं याला आवडनिवड, लाड, ऐपत किंवा "आमच्याकडचं मांजर सगळं खातं" अशी उत्तरं चालणार नाहीत. उंदीर तोडलात तर उंदराच्या तोडीचं द्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

उंदराच्या तोडीचं म्हणजे काय? उंदराच्या अंगात सुमारे सत्तर टक्के पाणी असतं. पाणी काढून उरेल त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं, मग चरबी, मग हाडांतलं कॅल्शियम. पिष्टमय पदार्थ नावाला, उंदराच्या स्वतःच्या पोटात जे दाणे असतील तेवढेच. हा मांजराचा मूळ दस्तरखान. पाळीव मांजर आफ्रिकेतल्या आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं, कोरड्या मुलखातून. तिथे पाणी शोधत हिंडायची सोय नव्हती, शिकारीतूनच पाणी मिळायचं. म्हणून आजही त्याला तहान कमी लागते. भांडं भरून ठेवलं तरी ते गरजेएवढं पाणी पिईल याची खात्री नाही.

भाषा शिकवत असल्यामुळे मला म्हणींची आठवण होते. उर्दूत म्हणतात, नौ सौ चूहे खाके बिल्ली हज को चली. टोमणा माणसाला आहे, पण म्हण करणाऱ्याला बिल्ली काय खाते हे पक्कं ठाऊक होतं. मराठीत मात्र मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि आपण ते आहारशास्त्र समजून बसलो. म्हणीतलं मांजर दूध चोरतं. ते दूध त्याला पचतं असं म्हणीत कुठे आहे? पहिलीच्या चित्रांतही मांजराच्या पुढ्यात दुधाची बशी असते. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की मुलाला ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावं. इथे ज्ञातच चुकीचं आहे, तर पुढचा प्रवास कसला!

त्या चुकीची किंमत मी दर पावसाळ्यात बघते. जून-जुलैत भिजलेली पिल्लं गटाराच्या कडेला सापडतात आणि पाचवी-सहावीची मुलं ती दप्तरात घालून आणतात. चार दिवसांनी विचारावं तर उत्तर ठरलेलं असतं: "टीचर, दूध दिलं होतं, तरी मेलं." त्या 'तरी'मध्ये सगळं आलं. गाई-म्हशीच्या दुधात दुग्धशर्करा मांजरीच्या दुधापेक्षा जास्त असते, आणि गाईच्या दुधातल्या प्रथिनांच्या दुपटीहून जास्त प्रथिनं मांजरीच्या दुधात असतात. पिल्लाला हवं ते कमी मिळतं आणि नको ते जास्त. जुलाब लागतात. अर्धा किलोच्या जिवाला जुलाब म्हणजे एका रात्रीचा प्रश्न असतो. "बकरीचं द्या, ते हलकं असतं" असं सांगणाऱ्या खाला प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. बकरीच्या दुधातही ती साखर जवळपास तेवढीच असते. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मांजरीच्या दुधाच्या बदल्यात मिळणारी खास पावडरच लागते. जनावरांच्या डॉक्टरकडे ती मिळते, आणि ती पालथं धरून पाजायची, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू होतं आणि आठव्यापर्यंत दूध सुटतं. त्यानंतर कुणाच्याही दुधाची गरज नसते. जसजसं मोठं होतं तसतशी दूध पचवायची शक्तीही बहुतेक मांजरांत कमी होत जाते.

आता दूध सोडून भात. किंवा पोळी, खिचडी, शेवया. मांजर हे सक्तीचं मांसाहारी जनावर आहे. सक्तीचं म्हणजे सवयीचं नव्हे, त्याच्या शरीरातच ते लिहिलेलं आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य माणूस आणि बहुतेक कुत्री स्वतः तयार करतात. मांजराला ते पुरेसं करता येत नाही, ते मांसातून यावं लागतं. गाजरातल्या पिवळ्या द्रव्यातून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजर बनवू शकत नाही. गोड चव ओळखणारा जनुकच त्याच्यात निकामी आहे, हे २००५ साली दाखवलं गेलं. म्हणजे तुमच्या शीरखुर्म्याला ते तोंड लावतं ते साखरेसाठी नाही, मलईच्या चरबीसाठी. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांजरांना केसीनवर ठेवलं, म्हणजे दुधातल्याच प्रथिनावर, आणि टॉरिनअभावी त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेल्याचं दाखवलं. मग १९८७ मध्ये पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, आणि दिलं तर सुधारतं. ती मांजरं तर कंपन्यांचं पाकीटबंद खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांना खाण्यातलं टॉरिन वाढवावं लागलं. शिक्षकखोलीत कुणी अभिमानाने सांगितलं की आमचं मांजर शुद्ध शाकाहारी आहे, तर मला त्या घराच्या श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नसतं. श्रद्धा घरच्यांची आहे. डोळे आणि हृदय मांजराचं आहे.

आमच्याकडे कोकणात दूध-भातवाले कमी आणि मासळीवाले जास्त. मिरकरवाड्याला बोटी लागल्या की मांजरांची जत्रा भरते, आणि घरी नेलेल्या पिल्लालाही रोज बांगड्याचं डोकं, तारलीचं शेपूट. मांस आहे, मग काय वाईट? वाईट एवढंच की ते फक्त मासळी आहे. काही जातींच्या कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं विकर असतं. शिजवलं की ते जातं. तेलकट मासळीच सतत दिली आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर अंगातली चरबीच सुजते, हात लावला तरी पिल्लू ओरडतं. आणि नुसत्या मांसाच्या तुकड्यात, मग तो माशाचा असो की कोंबडीचा, कॅल्शियम नसतं. ते उंदराच्या हाडांत होतं. दोन महिन्यांत जन्मवजनाच्या आठ-नऊ पट होणाऱ्या जिवाची हाडं कशाची बनणार?

उरलेल्या सालनाची गोष्ट तर याहून वाईट आहे. इफ्तारनंतर ताटांतला रस्सा एकत्र करून पिल्लापुढे सरकवतात आणि सवाब मिळाल्याच्या समाधानाने हात धुतात. त्या रश्श्यात कांदा आहे, लसूण आहे. दोन्ही मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने, वाटल्याने, वाळवल्याने ते विष कमी होत नाही. बकरी ईदला मग उलटा प्रकार: तीन दिवस नुसती कलेजी. थोडी कलेजी उत्तम असते, पण महिनोन्‌महिने रोज दिली तर अ जीवनसत्त्व साठून मानेची हाडं एकमेकांना चिकटतात. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, ती टोकदार फुटतात. गोश्त द्यायचंच तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, उकडून, बोटभर. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत.

म्हणजे शेवटी दुकानात जावं लागतं. तिथे दुसऱ्या टोकाची फसवणूक वाट बघत असते. आमच्या शहरातल्या एका दुकानात गोणी उघडी ठेवून दाणे किलोवर विकतात. नाव नाही, तारीख नाही, पिल्लाचं आहे की मोठ्या मांजराचं याचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळं सेम असतं." सगळं सेम नसतं. उघड्या दाण्यातली चरबी खवट होते, आपल्या हवेत तर लवकर. सुटे दाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, तुम्ही काय घेतलंत हेच तुम्हाला कळणार नाही.

पाकिटाची पुढची बाजू बघूच नका. तिथे मांजराचा फोटो, सामन मासा आणि हिरवी पानं असतात. पाकीट उलटं करा. दोन गोष्टी शोधा: 'कम्प्लीट', म्हणजे हेच एक अन्न दिलं तरी पुरेल, आणि 'ग्रोथ', 'किटन' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस', म्हणजे वाढत्या पिल्लासाठी. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. नळीतून चाटवायची ती मलईदार पेस्ट बहुतेक वेळा याच जातीची. मुलं ती पिल्लाला दिवसातून चार वेळा देतात कारण त्याचा व्हिडिओ छान येतो. कुत्र्याचे दाणेही चालत नाहीत; त्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन असेलच असं नाही. अमेरिकेत पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची आफ्को नावाची संघटना आहे. तिच्या मापाने पिल्लाच्या खाण्यात, पाणी वगळून, प्रथिनं किमान ३० टक्के आणि चरबी किमान ९ टक्के हवी. टॉरिन कोरड्या दाण्यांत ०.१ टक्का, ओल्या डब्यात ०.२ टक्का. अनेक कंपन्या पाकिटावर या मापाचा दाखला देतात. नसेल तर दुसरं पाकीट उचला.

"पाणी वगळून" हे शब्द मात्र सोडू नका, सगळी गंमत तिथेच आहे. ओल्या पाऊचवर प्रथिनं ९ टक्के लिहिलेली असतात आणि दाण्यांच्या पाकिटावर ३२. आया म्हणतात, ओल्यात काही दम नाही, नुसतं पाणी विकतात. जरा सातवीचं गणित करू. पाऊचमध्ये ८० टक्के पाणी आहे. उरले २० भाग, त्यातले ९ प्रथिनांचे. म्हणजे ४५ टक्के. दाण्यांत पाणी १० टक्के. उरले ९०, त्यातले ३२. म्हणजे पस्तीस-छत्तीस टक्के. ज्यात दम नाही म्हणत होतात ते पुढे निघालं. आणि ते पाणी फसवणूक नाही, ते उंदरातलं पाणी आहे. तहान कमी असलेल्या जनावराला पाणी खाण्यातूनच द्यावं लागतं. विशेषतः बोक्यांना. मोठेपणी लघवी तुंबून दोन दिवसांत बोके दगावतात, त्यात कमी पाणी हे एक कारण असतं.

दाण्यांचं दुसरं एक गणित कंपनी तुम्हाला करून देत नाही. प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, पाणी १०, आणि राख म्हणजे खनिजं धरा ८. बेरीज ६६. उरलेले ३४ कुठे गेले? तो मका, गहू, तांदूळ. पिष्टाशिवाय दाणा यंत्रातून फुलून बाहेर पडत नाही, म्हणून तो असतोच. यावरून काही लोक दाण्यांना विष म्हणतात, तेही मला पटत नाही. शिजवलेला पिष्ट मांजर पचवू शकतं, आणि संपूर्ण आहार असलेल्या दाण्यांवर कोट्यवधी मांजरं जगतात. दाणे स्वस्त आहेत, टिकतात, आपण शाळेत असताना भांड्यात राहू शकतात. ओलं पाऊच आपल्या उन्हाळ्यात दोन तासांवर भांड्यात ठेवायचं नाही. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये, आणि देताना कोमट करून, म्हणजे वास सुटतो. दाण्यांनी दात साफ होतात ही समजूत मात्र सोडा. साध्या दाण्यांचं ते काम नाही. चुरमुरे खाऊन आपले होतात का?

तर माझं मत असं, की पिल्लाला दोन्ही द्या, आणि लहानपणीच द्या. पहिल्या काही महिन्यांत तोंडाला जो पोत लागतो तोच मांजर पुढे अन्न म्हणून ओळखतं. वर्षभर नुसत्या दाण्यांवर वाढलेलं मांजर म्हातारपणी मूत्रपिंड बिघडल्यावर ओलं खाणं हुंगून निघून जातं, आणि तेव्हा ते उपाशी ठेवून शिकवता येत नाही. मांजराला रोजे नसतात. मोठं मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृत बसतं. पिल्लू एक दिवस जेवलं नाही तरी डॉक्टर गाठायचा. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. वर्षाचं होईपर्यंत पिल्लाचंच खाणं, आणि चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा. पोट फुगलेलं आणि पाय काटकुळे असतील तर "कसं टुमटुमीत झालंय" म्हणून फोटो काढू नका, जंतांचं औषध द्या.

आता दोन आक्षेप. पहिला हलालचा. हा प्रश्न खरा आहे आणि मी मुफ्ती नाही. मांजर स्वतः उंदीर धरतं तेव्हा कुणी छुरी शोधत नाही, शरियतचं बंधन त्याच्यावर नाहीच. प्रश्न खरेदी करणाऱ्याचा आहे: मी पैसे देऊन काय विकत घेते? डुकराच्या मांसाची खरेदी-विक्री आपल्याला नाही, यात दोन मतं नाहीत. बिनजिबह कोंबडीचं मांस जनावराला घालावं की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत, आपापल्या आलिमांना विचारा. पण विचारण्याआधी पाकीट तरी वाचा. त्यावर 'चिकन', 'चिकन मील', 'टूना' असं प्राण्याचं नाव असेल तर काय आहे ते कळतं. नुसतं 'मीट' किंवा 'अ‍ॅनिमल डेरिव्हेटिव्ह्ज' असेल तर कळत नाही, आणि तेव्हा ते परत ठेवायला धर्म आणि आहार दोन्ही एकच कारण देतात: जो माल आपलं नाव सांगत नाही तो बॅचगणिक बदलू शकतो. मासळीचं खाणं घेतलं तरी यादी वाचायचीच, 'ओशन फिश' लिहिलेल्या पाकिटात कोंबडी असते. माझा राग आहे तो हलालचं कारण पुढे करून पुन्हा दूध-पावाकडे वळणाऱ्यांवर. संशय आला म्हणून पाकीट सोडलंत, ठीक. मग मोहल्ल्यातल्या कसायाकडून कोंबडी आणून डॉक्टरला विचारून टॉरिन, कॅल्शियम सकट खाणं बनवता का? तेही नाही. तक्वा फक्त पाकिटापुरता.

आणि ते 'बायप्रॉडक्ट' हा शब्द बघून नाक मुरडणारे इन्स्टाग्रामवरचे जाणकार! बायप्रॉडक्ट म्हणजे काळीज, फुप्फुस, गुर्दा, पोट. ज्या घरात वजरी, पाया आणि भेजा-फ्राय ईदचे पदार्थ आहेत, त्या घराने तरी या शब्दाला घाबरू नये. उंदराबरोबर मांजर तेही खातं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो करणारा म्हणतो की इथे माणसाला मिळत नाही, तुम्ही मांजराच्या पाऊचचं काय घेऊन बसलात. हे मला गरीब घरातून कधी ऐकू आलेलं नाही, गाडी असलेल्या घरातूनच येतं. तरी हिशेब करू. तीन महिन्यांच्या, सव्वा किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात. सगळं ओलंच द्यायचं तर तीन पाऊच, ४०-५० रुपयांना एक, म्हणजे दिवसाचे सव्वाशे-दीडशे. हे बहुतेक घरांना झेपणार नाही, मलाही नाही. ४० ग्रॅम दाणे आणि अर्धं पाऊच केलं तर चाळीस रुपयांच्या आसपास. तेही जड जात असेल तर पिल्लांसाठीचे संपूर्ण आहाराचे दाणे, ५० ग्रॅम, कोमट पाण्यात भिजवून: किलोला चारशेच्या भावाने वीस रुपये. आणि ते आपलं पाव लिटर म्हशीचं दूध आणि एक पाव? तेही वीस-बावीसच. गरिबीने दूध-पाव ठेवलेला नाही. तेवढ्याच पैशात जगवणारं अन्न येत होतं.

दयेला हिशेब लागतो हे आपल्याच लोकांना पूर्वी कळत होतं. तेराव्या शतकातले सुलतान बैबर्स यांनी कैरोत मांजरांसाठी एक बाग ठेवून दिल्याचं एडवर्ड लेन या इंग्रज लेखकाने नोंदवलं आहे. त्याचं पुस्तक १८३६ चं. तोवर बागेचं उत्पन्न जवळपास संपलं होतं, तरी खर्च काझीच्या अंगावर होता, आणि रोज दुपारी न्यायालयाच्या आवारात टोपलीभर मांसाचे तुकडे मांजरांना टाकले जात. उष्टा रस्सा नाही, पाव नाही. मांस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाच्या खर्चाने.

ज्यांना वीस रुपयेही नकोत त्यांनी पिल्लू वर आणू नये. खाली राहू द्या, जिना आणि अंगण त्याला मोकळं ठेवा, पाणी ठेवा, जमेल तेव्हा खायला द्या, नसबंदी करून घ्या. त्यात गुन्हा नाही. गुन्हा जाळीच्या आतला आहे.

राहिली एक गोष्ट, आणि ती आपल्या हातातली नाही. दुकानाच्या दारावरची पाटी मराठीत हवी असा आपल्या राज्यात कायदा आहे. पाकिटाच्या पाठीवरचा मजकूर मात्र हिंदी किंवा इंग्रजीत असला की नियमाचं समाधान होतं, आणि माझ्या हातात आलेल्या मांजराच्या खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर तो बारीक इंग्रजीत होता. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया उर्दू वाचतात, मराठी वाचतात, कुराण वाचतात. पिल्लाला खायला त्याच घालतात आणि पाकीट मात्र त्यांना सातवीतल्या पोराकडून वाचून घ्यावं लागतं. पोरगं वाचतं ते चित्राखालचं. कंपन्यांना गिऱ्हाईक मराठी चालतं तर यादीही मराठीत छापावी, मी हे दोन कंपन्यांना लिहून कळवलं आहे, उत्तर आलेलं नाही. तोवर मी पालकसभेत एक कागद वाटते. डावीकडे पाकिटावरचे सात इंग्रजी शब्द जसे छापतात तसे, मध्ये त्यांचा उच्चार आणि अर्थ मराठीत, उजवीकडे उर्दूत. कम्प्लीट, किटन, टॉरिन, प्रोटीन, मॉइश्चर हे पाच हवे असलेले. कॉम्प्लिमेंटरी आणि डेरिव्हेटिव्ह्ज हे दोन नको असलेले, लाल शाईत. हवा असेल त्याने शाळेतून न्यावा.